'म्हणे' आणि 'म्हणून' : लसीविषयीच्या वदंता व त्यांना द्यावयाचे उत्तर

मराठीत अफवेला नावांची वाण नाही. वदंता, किंवदंती, बोलवा, भुमका, आवई, हूल, कंडी, वावडी असे अनेक शब्द या एकाच वस्तूभोवती गोळा झालेले आहेत. त्यांच्या जोडीला येणारी क्रियापदेही पाहण्यासारखी आहेत. भुमका उठते, कंडी पिकते, वावडी उडते, बोलवा होतो. कोणीतरी कंडी पिकवतो हे सर्वांना ठाऊक असते, परंतु सहज बोलताना जीभ अकर्मक रूपाकडेच वळते, जणू काही ही गोष्ट रानातल्या गवताप्रमाणे आपोआप उगवते. 'अफवा' हा मूळचा अरबी शब्द असून त्याचा अर्थ 'तोंडे' असा आहे. 'किंवदंती'च्या पोटात 'काय बोलतात?' हा प्रश्न दडलेला आहे. दोन्ही ठिकाणी बोलणे आहे, परंतु बोलणारा नाही. एका भाषेने तोंडे मोजली आणि दुसरीने प्रश्न विचारला, पण नाव दोघींनीही घेतले नाही.

या नामांपेक्षाही अधिक महत्त्वाचे साधन मराठीने निर्माण केले आहे, ते म्हणजे 'म्हणे' हे अव्यय. 'म्हणणे' या धातूचे हे जुने वर्तमानकाळी तृतीयपुरुषी रूप आज गोठून गेले आहे. त्याला आता कर्ता लागत नाही, लिंगवचन नाही, काळ नाही. 'त्यांच्याकडे पाऊस झाला म्हणे' या वाक्यात बोलणारा एवढेच सांगतो की, ही माहिती माझी नव्हे. मी ती ऐकली आहे आणि तिच्या खरेखोटेपणाचा भार माझ्यावर नाही. जगातील कित्येक भाषांत ज्ञानाचा उगम दाखविणारे असे प्रत्यय अथवा अव्यये आहेत. मराठीतील या अव्ययाचे विशेष असे की, त्याचा अर्थ त्याच्या स्थानावर अवलंबून राहतो. वाक्याच्या अखेरीस ते केवळ ऐकीवपणा दाखविते. तेच वाक्यारंभी आणले की उपहास सुरू होतो. 'लसीनं मूल होत नाही म्हणे' हे एका काळजीत पडलेल्या बाईचे वाक्य आहे. 'म्हणे लसीनं मूल होत नाही!' हे तिला हसणाऱ्याचे वाक्य आहे. शब्द तेच, अव्यय तेच. फक्त ते शेवटाकडून आरंभी आले. आरोग्य केंद्राच्या ओसरीवर दररोज घडणाऱ्या कित्येक संभाषणांचा निकाल एवढ्याशा स्थानांतराने लागत असला पाहिजे.

लसीविषयीच्या सर्वच गैरसमजांना एकाच सदरात घालण्याची जी प्रथा आहे, ती भाषाभ्यासकाला मान्य करता येणार नाही. वदंता ही घटनेविषयी असते. जिला 'कटकल्पना' म्हणता येईल ती हेतूविषयी असते. समाजात जे जे अनिष्ट घडते ते ते कोणा बलवान गटाने योजून घडविलेलेच असते, या समजुतीचे विवेचन कार्ल पॉपर यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. देवाला सिंहासनावरून उतरविल्यावर त्याच्या जागी बसविण्यासाठी माणसे शोधली गेली, असा त्या विवेचनाचा आशय आहे. मराठीत हे संक्रमण एका शब्दाने दिसून येते. 'लस घेतल्यावर मूल होत नाही म्हणे' ही वदंता झाली. 'मूल होऊ नये म्हणून लस देतात' ही कटकल्पना झाली. 'म्हणे' आणि 'म्हणून' ही दोन्ही एकाच धातूची अपत्ये आहेत. पहिले ज्ञान उसने असल्याची कबुली देते. दुसरे, जे संस्कृतातील 'इति'प्रमाणे आणि कानडी-तेलुगू भाषांतील तत्सम शब्दांप्रमाणे मूळचे अवतरणवाचक आहे, ते दुसऱ्याच्या मनातील बोलणे ऐकू आल्यासारखे सांगते. पहिल्या वाक्यात बोलणाऱ्याला शंका आहे; दुसऱ्यात तिची जागा हेतूच्या खात्रीने घेतली आहे. शिवाय 'देतात' या क्रियापदाचा कर्ता अध्याहृत आहे, आणि तो अध्याहृत असल्यामुळेच त्या जागी सरकार, परधर्मीय, परदेशी कंपनी किंवा एखादा धनाढ्य यांपैकी कोणालाही बसविता येते. २०१२ साली वूड, डग्लस व सटन या संशोधकांना असे आढळले की, एकमेकींना छेद देणाऱ्या दोन कटकल्पनांवर एकाच व्यक्तीचा विश्वास बसू शकतो. राजकन्या डायानाचा खून झाला असे मानणारी व्यक्ती ती जिवंत असून लपून राहिली आहे हेही मानण्याकडे झुकते. याचा अर्थ विश्वास तपशिलावर नसतो, 'वरचे लोक काहीतरी लपवीत आहेत' या एका धारणेवर असतो. तपशील खोडला तरी ही धारणा शाबूत राहते.

मुंबईच्या १८९६ सालच्या प्लेगाचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवा. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. पुढे ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांविषयीचा कायदा झाला आणि घरांची झडती, रुग्णांची सक्तीची पाठवणी, वेगळ्या छावण्या यांस त्याचा आधार मिळाला. परंतु कायद्याच्या आधीपासूनच शहरात नाना प्रकारच्या वदंता पसरल्या होत्या. इस्पितळात नेलेल्या माणसाच्या शरीरातून मोमियाई काढतात, ही त्यांतील एक. त्याच सुमारास राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासले गेले होते. त्या अपमानाच्या सूडासाठी राणीने मुंबईकरांची काळिजे मागितली आहेत, अशीही बोलवा होती. ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीस गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोड येथील साथीच्या रोगांच्या इस्पितळावर हल्ला केला.

या वदंता हास्यास्पद वाटतात. तथापि त्यांचे व्याकरण नीट पाहिले तर त्यांत एक अचूक निरीक्षण सापडते. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नव्हता, ही गोष्ट खरीच होती. प्लेग झालेल्यांपैकी बहुसंख्य मरत होते आणि कित्येकांना अगदी अखेरच्या अवस्थेत तेथे नेले जात होते. राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यात विश्वासाचा धागा नव्हता, हेही खरे होते. पुण्यात रँडच्या कारकीर्दीत गोऱ्या शिपायांनी घरोघर शिरून घेतलेल्या झडत्या आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी केलेला त्याचा वध हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. वदंतेतील घटना खोटी होती. तिच्यामागील संबंधाचे वर्णन मात्र खोटे म्हणवत नाही.

वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत प्लेगाची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. मुंबईत ही लस लोकांत रुजविण्याच्या कामी विशीतील आगाखानांनी जे केले त्याची नोंद त्यांच्या आठवणींत आहे. त्यांनी हाफकिन यांना आपली वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली आणि अनुयायांच्या देखत स्वतःला एकदा नव्हे, अनेकदा टोचून घेतले. ही कृती म्हणजे एक प्रकारचे विधानच होते, आणि भाषिक दृष्ट्या तिचे वैशिष्ट्य असे की, त्या विधानाला कर्ता होता. जमातीचा प्रमुख आपल्याच माणसांसमोर 'मी घेतली' असे दाखवीत होता. तेथे 'म्हणे'ला जागाच उरली नाही.

परंतु ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली आणि त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हाफकिन यांच्यावर ठपका ठेवण्यात आला. बाटली प्रयोगशाळेतूनच दूषित होऊन आली नसून ती उघडताना मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडलेला चिमटा पुरेसा निर्जंतुक न करता वापरला गेला, हे पुढे आलेल्या माहितीवरून दिसून आले. रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून त्यांची बाजू मांडली. ज्या संस्थेला आज मुंबईकर हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखतात, तिला ते नाव १९२५ मध्ये मिळाले. मलकोवालच्या घटनेनंतर पंजाबातील एखाद्या शेतकऱ्याने 'सुई टोचली की माणूस मरतो' असे म्हटले असते तर ते वाक्य असत्य खासच नव्हते. ते अपूर्ण होते. असत्य आणि अपूर्ण यांतील हा भेद लस-प्रसारकांच्या साहित्यात फार क्वचित आढळतो. 'हा निव्वळ गैरसमज आहे' असे शिक्कामोर्तब करून तो मोकळा होतो आणि ज्याच्या गावात खरोखरच काही घडलेले असते तो श्रोता त्याच क्षणी त्याला खोटारडा ठरवितो.

वदंतांच्या मानसशास्त्रात भारतातील एका अभ्यासाला आद्य स्थान आहे, याची आठवण येथे करून देणे अप्रस्तुत होणार नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या वदंता जमुना प्रसाद यांनी गोळा करून त्यांचे विश्लेषण १९३५ साली प्रसिद्ध केले. अमुक दिवशी याहून मोठा धक्का बसणार, अमुक तारखेला पाटणा नाहीसे होणार, अशा त्या वदंता होत्या. हादरे बसले परंतु प्रत्यक्ष नुकसान झाले नाही, अशा प्रदेशातील लोकांत त्या पसरल्या. उलटपक्षी, दार्जिलिंगमध्ये दरडी कोसळून प्रत्यक्ष हानी झाली तेथे दुर्गानंद सिन्हा यांना असल्या वदंता आढळल्या नाहीत. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ सालच्या आपल्या ग्रंथात या दोन नोंदी शेजारी ठेवून एक विलक्षण अनुमान काढले. या वदंता भय निर्माण करीत नव्हत्या. भय आधीच होते, त्याला शोभेलसे कारण मात्र डोळ्यांपुढे नव्हते. वदंतेने ते पुरविले. हे अनुमान लसीला जसेच्या तसे लागू पडते. निरोगी, हसत्या-खेळत्या मुलाला परक्या माणसाने सुई टोचावी आणि रात्री त्याला ताप यावा, यात आईला भय वाटणे स्वाभाविक आहे. ज्या रोगासाठी हे करावयाचे तो तर गावात कोणी पाहिलेला नसतो. भयाला कारण हवे असते. अशा वेळी नुसते कारण खोडून काढले तर भय तसेच शिल्लक राहते व दुसरे कारण शोधू लागते.

उत्तर प्रदेशातील पोलिओ-मोहिमेचे उदाहरण याबाबतीत सर्वांत बोलके आहे. १९९५ साली देशभर पल्स पोलिओ सुरू झाला. पश्चिम उत्तर प्रदेशातील काही भागांत, विशेषतः मुसलमान वस्त्यांत, हे थेंब मुलांना निर्बीज करण्यासाठी आहेत अशी समजूत पसरली. २००२ साली देशात पोलिओचे सुमारे १६०० रुग्ण आढळले आणि त्यांतील बहुतेक याच राज्यातील होते. बाहेरून पाहणाऱ्यास ती समजूत अडाणीपणाची वाटली. परंतु याच प्रदेशाने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचा कहर पाहिला होता. मुझफ्फरनगर येथे त्याला विरोध करणाऱ्यांवर गोळीबार झाला होता. ज्या वस्तीत सरकारचा आरोग्य-कर्मचारी एकदा नसबंदीसाठी आला, त्या वस्तीने तोच पुन्हा दारात आल्यावर त्याच्या हातातील वस्तूला जुन्याच हेतूने ओळखावे, यात स्मरणशक्तीचा दोष नाही.

त्या वस्त्यांतून एक प्रश्न पुनःपुन्हा विचारला जात असे : दवाखान्यात तापाची गोळी मिळत नाही, नळाला पाणी नाही, रस्ता नाही, मग हे दोन थेंब पाजण्यासाठीच सरकार महिन्या-महिन्याला घरापर्यंत का येते? हा प्रश्न कटकल्पनेचा नव्हे, तर्काचा आहे. त्याचे खरे उत्तरही होते. दाट वस्ती, अस्वच्छ पाणी आणि मुलांची वारंवारची हगवण यांमुळे तेथे तोंडावाटे दिलेल्या एकेका मात्रेचा गुण फार थोडा येत असे, म्हणून मात्रा अनेक द्याव्या लागत. आणि रोग जगातून पुसून टाकावयाचा तर एकही मूल सोडून चालत नव्हते. परंतु हे उत्तर देण्याऐवजी 'दो बूँद ज़िंदगी की' हे घोषवाक्य ऐकविले जाई. घोषवाक्य हे प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही, कारण त्याच्या रचनेत प्रश्न विचारणाऱ्याला स्थानच नसते. पुढे मोहिमेची रीत बदलली. त्याच वस्तीतील बायकांना प्रशिक्षण देऊन घरोघर पाठविण्यात आले, मौलवींचे व जामिया मिलिया आणि अलीगढ येथील विद्यापीठांचे साहाय्य घेण्यात आले, थेंबांबरोबर इतर औषधपाण्याची शिबिरे भरू लागली. देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालातील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. या यशाचे श्रेय कोणत्या एका उपायाला द्यावे हे सांगणे कठीण आहे. लस स्वतः सुधारली होती, हेही विसरता कामा नये. मात्र दारात उभ्या राहणाऱ्या व्यक्तीच्या तोंडी 'आम्ही'ऐवजी 'आपण' आले, ही गोष्ट लहान नव्हे.

'आपण' आणि 'आम्ही' हा भेद मराठीला उपजत आहे. इंग्रजीला तो नाही, आणि प्रमाण हिंदीलाही या अर्थाने नाही. 'आम्ही' म्हटले की श्रोता वगळला जातो. 'आपण' म्हटले की तो सामील होतो. 'आम्ही तुमच्या भल्यासाठीच सांगतो' या वाक्याने बोलणारा कुंपणापलीकडे जाऊन उभा राहतो. 'आपल्या वाडीत अजून नऊ मुलांना गोवराची लस मिळालेली नाही' यात तो वाडीत असतो. अर्थात, बाहेरच्याने हे 'आपण' कृत्रिमपणे वापरले तर ते लगेच उघडे पडते, आणि 'आपण' हे आदरार्थी द्वितीयपुरुषीही असल्यामुळे कधीकधी त्याचा अर्थ 'तुम्ही साहेब लोक' असा उलटाही होतो. सर्वनामाने नाते व्यक्त होते. ते निर्माण करण्याचे काम सर्वनामावर टाकता येत नाही. २०२१ साली मेळघाटात करोनाच्या लसीविषयीच्या भीतीला उत्तर म्हणून कोरकू भाषेतून लघुचित्रफिती तयार करण्यात आल्या. त्यांतील माहिती मराठीतही उपलब्ध होतीच. परंतु कोरकूतून बोलणारा मनुष्य 'आपण' म्हणण्यास पात्र होता.

संभाषणाचा प्रत्यक्ष अभ्यास अलीकडे बराच झाला असून त्याचे निष्कर्ष परस्परांना नेहमीच पूरक नाहीत. २०१४ साली नायहन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १७५९ पालकांना गोवर-गालगुंड-रुबेला या लसीविषयी चार प्रकारचा मजकूर दाखविला. लसीमुळे स्वमग्नता येते हा समज, जो १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या आणि २०१० साली मागे घेतल्या गेलेल्या बारा मुलांवरील लेखाने फैलावला होता, तो शास्त्रीय माहितीने कमी झाला; परंतु लस देण्याची इच्छा कोणत्याही मजकुराने वाढली नाही, आणि जे मुळातच लसीला प्रतिकूल होते त्यांच्यात ती आणखी कमी झाली. यावरून 'वस्तुस्थिती सांगितल्याने माणूस अधिकच हट्टी होतो' असा सिद्धान्त काही काळ रूढ झाला. तो सिद्धान्त टिकला नाही. वूड व पोर्टर यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या, दहा हजारांहून अधिक व्यक्तींवरील प्रयोगांत असा उलटा परिणाम जवळपास आढळलाच नाही. २०२४ साली कॉस्टेलो, पेनिकुक आणि रँड यांना तर असे दिसले की, कटकल्पनेवर विश्वास असलेल्या व्यक्तीने स्वतः दिलेल्या नेमक्या कारणांना उद्देशून तितकेच नेमके पुरावे दिले, तर तिचा विश्वास सरासरीने सुमारे पंचमांशाने कमी होतो व दोन महिन्यांनंतरही तो परिणाम टिकतो. तेथे उत्तर देणारा मनुष्य नसून यंत्र होते, हा भाग विचार करण्यासारखा आहे. यंत्राला राग येत नाही, ते थकत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याच्यासमोर हार पत्करताना माणसाची लाज जात नाही.

ओपेल व सहकाऱ्यांचा २०१३ सालचा अभ्यास भाषेच्या विद्यार्थ्यास विशेष मोलाचा वाटेल, कारण तो एका वाक्याच्या रचनेभोवती फिरतो. सिअ‍ॅटलच्या परिसरातील बालरोगतज्ज्ञ आणि पालक यांच्या १११ भेटींचे चित्रमुद्रण करून, लसीचा विषय कोणत्या वाक्याने निघाला, हे त्यांनी पाहिले. काही डॉक्टर लस द्यावयाचीच आहे असे गृहीत धरून बोलत; काही पालकांना निर्णय विचारीत. पहिल्या रीतीने सुरुवात झाली तेव्हा २६ टक्के पालकांनी विरोध केला. दुसऱ्या रीतीने ८३ टक्क्यांनी. मराठीत ही दोन वाक्ये अशी होतील : 'आज बाळाला दोन लसी द्यायच्या आहेत' आणि 'मग लसीचं काय करायचं म्हणता?' पहिल्यातील '-आयच्या आहेत' हे रूप कर्तव्य सांगते, परंतु आज्ञा देत नाही. कोणी ठरविले हे ते सांगत नाही, जणू दिनदर्शिकेनेच ते ठरविले आहे. याउलट आज्ञार्थी 'घ्या'मध्ये आज्ञा देणारा समोर दिसतो आणि त्याला नकार देता येतो. दुसरे असे की, विरोधानंतरही ज्यांच्या डॉक्टरांनी आपले म्हणणे सोडले नाही, त्यांपैकी ४७ टक्के पालक अखेर तयार झाले. मात्र त्याच गटाच्या पुढील अभ्यासात निर्णय विचारला गेलेले पालक भेटीविषयी अधिक समाधानी आढळले. तेव्हा पहिली रीत केवळ कार्यक्षम आहे, दुसरी सौजन्याची आहे, आणि यांतील निवड भाषाशास्त्र करून देऊ शकत नाही. शिवाय ही रीत जो कुंपणावर आहे त्याच्यासाठी आहे. ज्याचे 'म्हणे' केव्हाच 'म्हणून' झाले आहे, त्याच्यासमोर 'द्यायच्या आहेत' म्हणणे हा त्याच्या कटाचा आणखी एक पुरावाच ठरतो.

अशा श्रोत्याशी बोलताना पहिला प्रश्न कोणता असावा? 'का नाही घेतली?' हा प्रश्न स्वाभाविक वाटतो. पण मराठीत नकारार्थी क्रियापदाबरोबर येणारे 'का' बहुधा जाब विचारते. शाळेत का गेला नाहीस, काम का केले नाहीस, याच साच्यात ते बसते. त्याऐवजी 'लोक काय म्हणतात?' असे विचारले तर उत्तर 'म्हणे'च्या आश्रयाने देता येते. बोलणारा आपली शंका लोकांच्या तोंडी घालतो आणि पुढे ती सोडून द्यावी लागली तर ती त्याची नसतेच. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५५ साली ज्याला माणसाचे 'तोंड' राखणे म्हटले, त्याचेच हे मराठी रूप आहे. तोंड दाखवायला जागा राहणे ही मराठीची कल्पना त्याहून वेगळी नाही. विल्यम मिलर यांनी १९८३ पासून व्यसनमुक्तीच्या संदर्भात विकसित केलेली आणि कॅनडातील क्वेबेक प्रांतात प्रसूतिगृहांतून लसीसाठी वापरली गेलेली मुलाखतीची पद्धती याच दिशेने जाते. प्रथम ऐकावे, ऐकलेले परत सांगून दाखवावे, माहिती देण्यापूर्वी 'सांगू का?' म्हणून परवानगी घ्यावी.

पुढची पायरी म्हणजे 'म्हणे'चे 'म्हणाले' करणे. मे २०२१ मध्ये, करोनाची लस घेतलेले सर्व लोक दोन वर्षांत मरतील, असे नोबेल पारितोषिक मिळालेल्या फ्रेंच शास्त्रज्ञ ल्यूक माँतान्ये यांनी म्हटल्याचा निरोप व्हॉट्सॲपवरून महाराष्ट्रातही घरोघर पोहोचला. माँतान्ये यांनी लसीकरणावर टीका केली होती, ही गोष्ट खरी. दोन वर्षांचे ते भाकीत मात्र त्यांचे नव्हते. येथे वदंतेने आपली जुनी रीत सोडून कर्ता मिळविला होता, आणि तोही पारितोषिकासह. 'कोण म्हणाले, कुठे म्हणाले, कोणत्या भाषेत म्हणाले?' हे प्रश्न येथे उपयोगी पडतात, परंतु त्यांचा सूर चौकशीचा राहिला तरच. पोलिसी झाला की संपले. १८९७ च्या झडत्यांची जातकुळी त्याच सुराची होती. बिहार-बंगालमध्ये १९७३ ते १९७५ या काळात देवी-निर्मूलनाच्या अखेरच्या टप्प्यात काही ठिकाणी रात्री घरांत शिरून, धरून लस टोचली गेली. देवी गेल्या, ८ मे १९८० रोजी जग त्यांतून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. धरून टोचल्याची आठवण त्याच तारखेला संपली, असे मानण्यास आधार नाही.

देवीचा उल्लेख आला आहे तर शब्दाविषयी एक गोष्ट नोंदविणे उचित होईल. भारतात पहिली देवीची लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. मराठीने या नव्या क्रियेसाठी नवे नाव शोधले नाही. रोग झाला तर 'देवी आल्या', आणि लस घेतली तर 'देवी काढल्या' किंवा 'देवी टोचल्या'. आलेल्या देवींचा कर्ता देवी स्वतः. काढलेल्या देवींचा कर्ता माणूस. एकाच नामाच्या आधाराने दैवी कोप आणि मानवी उपाय एका वाक्यवर्गात नांदू लागले. गावोगाव फिरणारा लस टोचणारा 'देवीचा डॉक्टर' झाला. इंग्लंडमध्ये त्याच १८०२ साली गिलरे याने लस घेतलेल्यांच्या अंगातून गाई बाहेर पडत असल्याचे व्यंगचित्र काढले होते. १८५३ च्या सक्तीच्या कायद्यानंतर तेथे चळवळ उभी राहिली, १८८५ साली लेस्टर येथे प्रचंड मोर्चा निघाला आणि १८९८ साली विवेकबुद्धीने नकार देण्याची सवलत कायद्याला द्यावी लागली. तेव्हा शंकेखोरपणा ही अशिक्षित पौर्वात्यांची मिरास आहे, ही समजूतही एक वदंताच म्हणावी लागेल. आपल्याकडे महात्मा गांधींचा देवीच्या लसीला आणि १९५५ साली राजगोपालाचारींचा बी.सी.जी.ला असलेला विरोध अडाणीपणातून आलेला नव्हता. 'लस' हा शब्दही मूळचा जखमेतून वा फोडातून पाझरणाऱ्या द्रवाचा वाचक आहे. हाताहातावरून लस नेण्याच्या काळात तो अगदी यथार्थ होता, आणि त्या पद्धतीत एकाचा रोग दुसऱ्यास जडण्याचा धोकाही खरा होता. आज तो अर्थ बोलणाऱ्यांच्या स्मरणात नाही, हे लसीचे भाग्यच.

राहता राहिला प्रश्न खंडनाच्या वाक्यरचनेचा. 'लसीने वंध्यत्व येत नाही' असे ठळक अक्षरांत लिहिलेला फलक पाहून जाणाऱ्याच्या मनात कोणते दोन शब्द राहतात, हे सांगावयास नको. मराठीत नकार वाक्याच्या अगदी शेवटी येतो आणि धावत्या नजरेच्या वाचकापर्यंत तो पोहोचेलच असे नाही. 'लस पूर्णपणे सुरक्षित आहे, काहीही होत नाही' हे वाक्य तर पहिल्याच रात्री खोटे ठरते, कारण मुलाला ताप येतो. मार्च २०२१ मध्ये ॲस्ट्राझेनेकाच्या करोना-लसीनंतर क्वचित होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांमुळे युरोपातील अनेक देशांनी तिचा वापर काही काळ थांबविला, आणि त्याच लसीच्या भारतीय रूपाविषयी येथे 'मुळीच धोका नाही' असे सांगणाऱ्यांना पुढे उत्तर देणे जड गेले. ज्या परिचारिका हे काम वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत, त्यांच्या तोंडी निराळे वाक्य असते : 'आज रात्री अंग गरम होईल, जागा थोडी सुजेल. ही अर्धी गोळी द्या. उद्या संध्याकाळपर्यंत उतरलं नाही तर मला बोलवा, मी शाळेमागच्या खोलीत राहते.' या वाक्यांत अफवेचे नाव नाही, तिचे खंडनही नाही. भविष्यकाळ आहे, तो निश्चयार्थी आहे आणि दुसऱ्या दिवशी पडताळून पाहता येण्याजोगा आहे. आणि अखेरीस एक 'मी' आहे, राहण्याच्या ठिकाणासह.